सात सुयांचं कुंकू

"काकू, ही रेषा हाय का वरात?"

स्वरूप मगदूमनं दुधी भोपळा दोन्ही हातांत आडवा धरला, खिडकीच्या उजेडात नेला आणि माझ्यापुढं नाचवला. "बघा की. आधी एकटाच नवरदेव चाललाय. मग वऱ्हाडी वाढले. मग बँड आला, घोडा आला. आणि इथनं पुढं परत सामसूम."

मी चष्मा पुसून पाहिलं. त्या भोपळ्यावर मी सकाळपासून सरावाला रेषा ओढल्या होत्या. सात आडव्या रेषा, प्रत्येक वीतभर. सुरुवात केसासारखी बारीक, मग फुगत फुगत सुतळीएवढी, आणि शेवटी पुन्हा बारीक. बरं, सातही रेषा फुगल्या होत्या त्या जवळजवळ एकाच ठिकाणी.

"हात थरथरला असेल," मी म्हटलं.

"थरथरलेला हात असा कवायत करत न्हाई. कानात काय लावलं होतं?"

"कीर्तन. तेच ध्रुवपद, प्रत्येक रेषेला पहिल्यापासून."

"द्या बघू हिकडं."

त्यानं माझ्या मोबाइलची वायर आपल्या कानात घातली, रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं आणि एक बोट भोपळ्यावरच्या पहिल्या रेषेवर ठेवलं. बुवांनी ध्रुवपद ठाय लयीत उचललं होतं, अगदी सावकाश, एकेका शब्दाला मांडीवर घेऊन जोजवत. स्वरूपचं बोट तसंच सावकाश सरकलं. पुढं लय चढली, झांजा आल्या, तबला धावायला लागला, आणि बोट रेषेच्या फुगलेल्या भागावर आलं. स्वरूप थांबला. त्यानं नखानं खरवडून पाहिलं. तिथं सुई सालीतून थेट गरात गेली होती.

"हितं गजर झाला बघा," तो म्हणाला आणि खुर्चीत बसून पोट धरून हसला. "काकू, देवाच्या नादात भोपळ्याचा जीव घेतलासा!"

मलाही हसू आलं, पण आतून लाजल्यासारखं झालं. लहानपणापासून कीर्तन ऐकून माझी मांडी आपोआप ताल धरते. भाकरी थापताना लय चढली तर भाकरी पातळ होते हे मला ठाऊक होतं. पण भाकरी परत थापता येते.

तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं. आम्ही जातीनं आणि धंद्यानं कासार. जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत खाली आमचं बांगड्यांचं दुकान, आणि वरच्या मजल्यावर या मगदूमच्या पोरानं टॅटूचं दुकान थाटलं होतं. पोर सव्वीस वर्षांचं, हात देवानं दिलेला. पण गोंदवून घ्यायला येणाऱ्या बायका त्याच्यासमोर हात मोकळा करायला लाजायच्या आणि सुई लागली की झटका मारायच्या. म्हणून त्यानं मला विचारलं, "काकू, जरा वर येऊन हात धरता का? तुमच्या हातात बायका हलत न्हाईत." ते खरं होतं. तीस वर्षं मी बायकांचे हात दाबून, वळवून, बोटांची पेरं एकमेकांत मिटवून बांगड्या भरल्या होत्या. हात धरता धरता मी बघायला लागले. बघता बघता विचारायला लागले. आणि एके दिवशी म्हटलं, "मास्तर, मलाही शिकवा."

तो गमतीनं हसला. मी गमतीत म्हटलं नव्हतं.

शिकणारी पोरं डुकराच्या कातडीवर हात बसवतात, असं त्यानं सांगितलं. मी गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. "मग भोपळा," तो म्हणाला. तेव्हापासून आमच्या घरात दुधीची भाजी बंद झाली. आमचे हे म्हणायचे, "एवढा नटवलेला भोपळा. चिरायला हात धजत नाही. पोरगी दाखवायला काढल्यासारखा वाटतो."

तर त्या दिवशी वरातीवरून हसणं चाललं होतं, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबत. दारात लीलावहिनी चौगुले उभ्या होत्या.

लीलावहिनी म्हणजे आमच्या विठ्ठल मंदिरातल्या कीर्तनाचा अर्धा आवाज. त्यांचे यजमान, चौगुलेभावजी, बुवांच्या मागं तबल्याला बसायचे, आणि वहिनी बायकांच्या पुढच्या रांगेतून ध्रुवपद अशा उचलायच्या की बुवा थांबून म्हणायचे, "हं, आता माझं ओझं हलकं झालं." दोन वर्षांपूर्वी भावजी गेले. वहिनी कीर्तनाला यायच्या, पण बसायच्या मागं, आणि तोंड मिटून. त्यांचा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

"काय वहिनी, बांगड्या का?" मी सवयीनं विचारलं आणि जीभ चावली.

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खुर्चीवर बसल्या, दम घेतला आणि बोट भुवयांच्या मधोमध ठेवलं.

"इथं लाल ठिपका पाहिजे. कायमचा."

स्वरूपनं भोपळा खाली ठेवला. "कपाळावर? मावशी, टिकली लावा की. कशाला त्रास?"

"टिकलीच्या डिंकानं कातडी खाजते. बघ, पांढरा डाग पडलाय." तो खरंच होता, मसुराच्या डाळीएवढा. "आणि कुंकू लावलं की घरातनं कुणीतरी म्हणतं, 'आई, अहो लोक बघतात.' सून वाईट नाही माझी. घाबरते लोकांना. गोंदलं की प्रश्न मिटला. कातडी पुसून टाका म्हणून कुणी सांगत नाही."

"लाल रंग जपावा लागतो," स्वरूप म्हणाला. "एखाद्याला सोसत न्हाई. आधी कानामागं बारका ठिपका देऊन बघू. दहा-पंधरा दिवसांत कातडी काय म्हणते ते कळेल. मग मी करून देतो."

"तू नको," वहिनी म्हणाल्या. "हिनं करायचं. सुलभानं."

स्वरूपनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

"मावशी, ह्या अजून भोपळ्यावर हायत," तो हळू म्हणाला. "तोंडावरचं काम मी सुद्धा चार वर्षांनी हातात घेतलं. हातावर चुकलं तर बाही हाय. कपाळावर चुकलं तर काय करणार? जन्मभर तेच घेऊन फिरायचं. आरशात बघाल तवा दिसणार, समोरच्याला तर आधी तेच दिसणार."

"म्हणून तर म्हणते, तिनं करायचं. घाई नाही. शिकू दे तिला."

"पण का?" मी विचारलं.

"मग सांगेन," वहिनी म्हणाल्या, आणि कानामागचे केस वर केले.

स्वरूपचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवटी म्हणाला, "बरं. कानामागचा ठिपका तुम्ही द्या काकू. कुणाला दिसत न्हाई तिथं. सुई तुम्हीच निवडा."

सुयांचा ट्रे त्यानं पुढं केला. एकेका बंद पाकिटात एकेक जुडगा. तीन सुया एकत्र, पाच, सात, नऊ. काही जुडगे टोकाला घट्ट आवळलेले, ते रेषेसाठी. काही टोकाला जरा सैल, ते रंग भरायला. मी विचारसुद्धा केला नाही. सगळ्यांत बारीक, तीनचा जुडगा उचलला. बाईनं आधीच पुष्कळ सोसलंय, आणखी नऊ-नऊ सुया कशाला टोचायच्या? मी हातमोजे चढवले, स्वरूप नुसता बघत राहिला.

वहिनींनी डोळे मिटले. मशीनची गुणगुण सुरू झाली आणि तिच्याबरोबर, मला कळलंही नाही, माझीही. भीती वाटली की मी गुणगुणते. मोहरीएवढा ठिपका भरायचा होता. तीन सुयांनी तो भरेचना. मी तिथंच फिरवत राहिले, परत परत. मनात ध्रुवपद चढत गेलं.

"काकू!" स्वरूप ओरडला.

मी हात उचलला. रक्ताचा थेंब आला होता. वहिनींनी "स्स" सुद्धा केलं नव्हतं.

बारा दिवसांनी त्या दाखवायला आल्या. रंग सोसला होता, खाज नाही, सूज नाही. पण ठिपका! टिपकागदावर शाई सांडावी तसा कातडीखाली पसरला होता. कडा नाही, आकार नाही. मधे फिकट, भोवती जांभळट ढग. मोहरी टोचायला गेले होते, वाटाण्याएवढा डाग झाला होता.

हाच डाग त्यांच्या भुवयांच्या मधे दिसला असता तर? लोकांनी आधी विचारलं असतं, काय झालं? आणि मग, कुणी केलं?

"वहिनी, माझ्यानं होणार नाही," मी म्हटलं. "माझ्या हातानं तुमचं तोंड खराब व्हायचं."

"कानामागं कोण बघतंय? रंग सोसला ना? मग झालं की," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "रामनवमीच्या आधी कर. तीन आठवडे आहेत. मग मी महिनाभर लेकीकडं जाणार."

त्या गेल्यावर स्वरूपनं दार लावून घेतलं. मला वाटलं आता ओरडेल. त्यानं चहा ओतला.

"तीनची सुई का घेतलीत?"

"कमी दुखावं म्हणून."

"दुखलं कमी?"

मी चहाचा कप उचलला.

"काकू, तीन सुया म्हणजे पात्यासारख्या. आत शिरतात गपकन, आणि रंग भरायला लागतात शंभर फेऱ्या. एकाच जागी शंभरदा टोचलं की कातडीची चाळण. मग रंग थांबणार कशात? खाली पाझरतो. सात सुयांचा सैल जुडगा घेतला असता तर दोन फेऱ्यांत काम. वरवर, हलक्या हातानं. जास्त सुया म्हणजे जास्त इजा असं नसतं. भार वाटला जातो." तो जरा थांबला. "तुम्ही बांगडीचं माप कसं घेता? बाई म्हणते, दुखतंय, मोठी द्या. देता का मोठी?"

आणि एकदम डोक्यात उजेड पडला. तीस वर्षं मी पोरींना हेच सांगत आले. मोठी बांगडी दुखत नाही, सर्रकन जाते. पण घरी पोचायच्या आत कुठंतरी आपटून फुटते. हाताच्या मापाची भरावी लागते, दोन क्षण हाड दुखतं, मग ती राहते. माझ्या डोळ्यासमोर शेकडो हात होते, आणि सुई निवडताना मी हात बघितलाच नव्हता. माझ्या मनातली कीव बघितली होती.

"मग कपाळाला किती?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा. कपाळ कसं असतं?"

मी माझ्याच कपाळावर अंगठा फिरवला. "मांस नाही. खाली लगेच हाड. कातडी पातळ, वय झालेलं, सरकते."

"मग?"

"कडा आधी घट्ट पाचनं. एकच फेरी. आत भरायला सैल सात. नळीतून सुईचं टोक बाहेर कमी काढायचं, म्हणजे मनात असूनही खोल जाता येणार नाही."

स्वरूपनं चहाचा कप खाली ठेवला आणि मला नमस्कार केला, चेष्टेतच, पण केला.

त्यानंतरचे तीन आठवडे भोपळा सुटला आणि तांब्या आला. सरावासाठी रबरासारखी नकली कातडी मिळते, ती आम्ही पितळी तांब्याच्या पोटावर ताणून बांधली. पातळ कातडी, खाली टणक. मी रोज दुपारी त्या तांब्याच्या कपाळावर कुंकू लावत बसायचे. दिवसाला चाळीस ठिपके. सुई जास्त गेली की पितळेवर "टिक" वाजायचं. पहिल्या दिवशी तांब्या घड्याळासारखा वाजला. आमच्या ह्यांनी खालून हाक मारली, "काय गं, वर देवपूजा चाललीय की घंटा शिकतीयेस?" कीर्तन मी कानातून काढलं. खरं सांगायचं तर ते फार जड गेलं. पण कानातून काढलं तरी ते अंगात असायचंच. मग मी मनात फक्त ठाय धरायला शिकले. बुवा उभे राहतात, वीणेला हात लावतात, अजून पहिला शब्द यायचाय, तेवढाच वेळ धरून ठेवायचा. पुढं जाऊ द्यायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी चाळीस ठिपके झाले आणि तांब्या एकदाही वाजला नाही.

रामनवमीच्या आधीच्या मंगळवारी वहिनी आल्या. न्हालेल्या, केस घट्ट बांधलेले, पांढऱ्यावर बारीक चॉकलेटी फुलांची साडी. स्वरूपनं कपाळ पुसून घेतलं. मी हातमोजे घातले, पाच आणि सातचं पाकीट त्यांच्यासमोर फोडलं. खुणेची लेखणी घेऊन पुढं वाकले आणि हात मधेच थांबला. तोंडावरचं काम. माझं पहिलं.

"वहिनी, अजून सांगते. स्वरूपचा हात सोन्याचा आहे. त्याच्याकडनं करून घ्या. मी तुमचा हात धरते. मला कमीपणा नाही त्यात."

वहिनींनी डोळे उघडले. "सुलभा, गेल्या वर्षी उत्सवात मध्यंतराला हळदीकुंकवाचं ताट कुणाच्या हातात होतं?"

माझ्या हातातली लेखणी खाली आली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. कीर्तनाचा पूर्वरंग संपला की पुरुषांना बुक्का आणि बायकांना हळदीकुंकू लावायची आमच्या देवळात पद्धत. त्या वर्षी ताट माझ्याकडं होतं. रांगेनं लावत चालले होते. मागच्या रांगेत आले. चेहरा न बघता बोट कुंकवात बुडवलं, हात उचलला, आणि समोर लीलावहिनी होत्या. हात तसाच वळला. शेजारच्या बाईच्या कपाळाला लागला. मी पुढं गेले. मला वाटलं होतं, त्यांनी पाहिलं नसेल. वर्षभर मी स्वतःला तेच सांगत होते.

"तुम्ही बघितलंत," मी म्हटलं.

"बघितलं काय, मी कपाळ पुढं केलं होतं गं," वहिनी म्हणाल्या. "सवयीनं. पस्तीस वर्षांची सवय. तूही सवयीनंच हात उचललास, आणि सवयीनंच मागं घेतलास."

स्वरूप पाठ करून मशीनची वायर नीट करायला लागला. वायर नीटच होती.

"वहिनी, मी कासारीण," माझा आवाज फाटला. "नवरा गेलेल्या बाईला हिरवा चुडा भरायचा नाही, कुंकू लावायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नाही हो. अंगातच होतं. बुवा पुढं उभं राहून सांगत होते, देवाच्या दारात सगळे सारखे, मी मान डोलावत होते, आणि हातानं…"

"रडू नकोस, डोळे भरले तर रेघ वाकडी येईल. मला कपाळ एकच आहे." त्या हसल्या. मग त्यांनी आपला हात उभा धरला, कपाळापासून चार बोटं दूर. "तुझा हात इथवर आला होता. एवढंच अंतर राहिलं. रात्री झोपताना मला अजून ते दिसतं. स्वरूपचा हात सोन्याचा असेल, पण तो इथनं मागं गेलेला नाही. तुझा गेलाय. म्हणून तूच यायचं."

मी हातमोजे काढले, तोंड धुतलं, नवे हातमोजे चढवले. लेखणीनं खूण केली. स्वरूपनं आरसा धरला, वहिनींनी मान हलवली. मी डाव्या हातानं कपाळाची कातडी ताणली, जसा बांगडी भरताना पंजा आवळून धरते तसा अदमास घेत. आणि ती चार बोटं पार केली.

पाचच्या सुईनं कड सुरू झाली. वहिनींच्या पापण्या फडफडल्या. कपाळावर सुई हाडात वाजते, डोक्यात सगळीकडं घुमते, हे मला नंतर कळलं. त्यांची मान ताठ होत चाललेली मला बोटांखाली जाणवली. आता हलल्या तर संपलं.

"मावशी, श्वास सोडा," स्वरूप म्हणाला.

वहिनींनी श्वास सोडला, आणि त्या श्वासाबरोबर सूर आला. मिटल्या ओठांनी, नाकातून. ध्रुवपद. दोन वर्षांनी मी तो आवाज ऐकत होते. स्वरूपनं चमकून माझ्याकडं बघितलं, त्याचा हात पुढं आला, थांबवायला. त्याला भोपळा आठवला असणार. मला पण आठवला.

माझ्या मांडीनं ताल धरला. मी तिला अडवू शकले नाही. एक आवर्तन झालं, दुसरं झालं, आता नेहमीसारखी लय चढणार. माझ्या खांद्यापासून बोटापर्यंत सगळं त्या चढणीची वाट बघत होतं. आणि वहिनींनी ती चढू दिली नाही. तबलजीची बायको ती. तिसरं आवर्तन पहिल्याइतकंच सावकाश. चौथं त्याहून जरा संथ. त्या सूर माझ्या हाताला देत होत्या, जेवढा हवा तेवढाच, चमच्यानं औषध द्यावं तसा. कड जुळली. मी सुई बदलली. सैल सातनं आत रंग भरला. एक फेरी, वरवर. दुसरी. मशीन बंद केलं तेव्हा ध्रुवपद अजून ठाय लयीतच होतं.

रक्ताचा टिपूसही नव्हता.

पुढचा महिना कसा काढला ते माझं मला ठाऊक. गोंदणाचं खरं तोंड खपली पडल्यावर दिसतं. रंग धरतो की सोडतो, पसरतो की थांबतो, तोवर सगळं देवाच्या हवाली. वहिनी कोल्हापूरला लेकीकडं गेल्या होत्या, फोनवर बोलायच्या पण ठिपक्याचं नाव काढायच्या नाहीत. मी विचारलं की म्हणायच्या, "आल्यावर बघ." स्वरूप म्हणायचा, "काकू, नखं खाऊ नका, उद्या हातमोजे सैल होतील."

एका दुपारी त्या जिना चढून आल्या. डोक्यावर पदर पुढं ओढलेला. माझ्यासमोर बसल्या आणि पदर मागं सारला.

ठिपका होता. लाल, गोल, कडा कोरल्यासारखी. ना ढग, ना जांभळं. पांढरा डाग त्याखाली गडप. मी हात जोडले. आणि मग डोळ्यात भरलं, ठिपका मधोमध नव्हता. तिळाएवढा डावीकडं.

"वहिनी," मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "जरासा सरकलाय."

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी बघितलं."

"माझं चुकलं. कातडी ताणताना…"

"अगं, आरशात बघून बोटानं लावलेलं कुंकू कधी मधोमध बसलंय का कुणाचं? स्वरूपनं केलं असतं तर फूटपट्टी लावून केलं असतं, टिकली वाटली असती. हे लावल्यासारखं दिसतं." त्यांनी कपाळ माझ्यासमोर आणलं. "आता पूस."

"काय?"

"पूस म्हणते. पदर ओला कर आणि पूस."

मी मागं सरकले. कुणाच्या कपाळाचं कुंकू पुसायचं, हा शब्दसुद्धा आमच्याकडं तोंडातून काढत नाहीत. "वहिनी, काहीतरीच काय? माझा हात उचलणार नाही."

"हे गेले त्या दिवशी आठ-दहा हात पुढं आले होते पुसायला. कुणाचा अडखळला नाही. ओल्या फडक्यानं, हातानं, पदरानं. मी बसून होते. आज माझं मी सांगतेय. पूस, बघू तुझं काम किती टिकाऊ आहे."

मी स्वरूपकडं बघितलं. त्यानं मुकाट्यानं पाण्याचं भांडं पुढं केलं. मी पदराचं टोक भिजवलं, हात उचलला आणि त्यांच्या कपाळावरून फिरवला, भीत भीत. ठिपका हलला नाही. पुन्हा फिरवला. भोवतीची कातडी ओली होऊन चमकायला लागली, आणि त्यात तो लाल ठिपका आणखीच लखलखीत दिसला. वहिनींचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. मग मीही हसायला लागले, स्वरूपही, आणि खालून आमचे हे विचारायला लागले की वर चाललंय तरी काय.

"अजून जोरात," वहिनी म्हणाल्या.

मी अजून जोरात पुसलं.